कॅल्शियमची गोळी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यात आमचं औषधाचं दुकान आहे, मी फार्मासिस्ट आहे. गेल्या दोनेक वर्षांत एक प्रश्न फार वाढला. कुणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर दाखवतं आणि विचारतं, "वयनी, ही गोळी रोज खाल्ली तर आतड्याचो कॅन्सर होवचो नाय, असा लोक म्हणतत. खरा मां?" गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून लोक विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

रोज कॅल्शियमची गोळी घेतली तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर टळतो का?

टळतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. आतड्यात एकदा पॉलिप सापडलेल्या माणसांमध्ये तो पुन्हा उगवण्याचं प्रमाण कॅल्शियमने थोडं कमी होतं, असं काही चाचण्यांत दिसलं. काहींत दिसलं नाही. आणि कॅन्सरच कमी झाला का, हे ज्या मोठ्या चाचणीत पाहिलं, तिथे फरक पडला नाही. केवळ या एका कारणासाठी कुणी गोळी मागितली, तर मी देण्याआधी चार प्रश्न विचारते. का विचारते ते पुढे लिहिलं आहे.

पॉलिप म्हणजे काय?

आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणारा लहानसा कोंब. बहुतेक पॉलिप आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. त्यातल्या ॲडिनोमा नावाच्या प्रकारातले काही मात्र वाढत वाढत कॅन्सरपर्यंत जातात, आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. एवढा वेळ हाताशी असतो म्हणूनच हा कॅन्सर होण्याआधीच पॉलिप काढून टाकता येतो. सगळ्या कॅन्सरांच्या बाबतीत अशी सोय नसते.

मग कॅल्शियमचं नाव यात आलंच कुठून?

समुद्राजवळच्या खाऱ्या विहिरीवर कपडे धुतलेल्या बाईला हे चटकन कळेल. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, वर पांढरा चोथा धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या आम्लांना धरून बसतं, म्हणून तो न विरघळणारा चोथा तयार होतो.

आतड्यात काहीसं असंच घडतं. तेलकट-तुपकट जेवण पचवायला यकृत पित्त सोडतं. त्यातली काही पित्ताम्लं आणि न पचलेली स्निग्धाम्लं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथलं अस्तर चरचरवतात. अस्तराच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या भराभर तयार होतात. पेशी जितक्या वेळा दुभंगतात, तितकी चूक होण्याची संधी वाढते. आतड्यात पुरेसं कॅल्शियम असेल तर ते या आम्लांना धरतं आणि सगळं शौचावाटे बाहेर जातं. शिवाय अस्तराच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे ग्राहक असतात, त्यांच्यामार्फत पेशींची वाढ आवरली जाते, असं प्रयोगशाळेतल्या कामातून दिसलं आहे. विचार पटण्यासारखा आहे. पण जे पटतं ते माणसांत घडतंच असं नाही, म्हणून चाचण्या कराव्या लागतात.

चाचण्यांत नेमकं काय निघालं?

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण मोबाइलवरच्या मजकुरात यातली एकच चाचणी असते आणि तीही अर्धी.

पहिली मोठी चाचणी अमेरिकेतली, १९९९ साली प्रसिद्ध झालेली. आधी पॉलिप काढलेल्या ९३० माणसांपैकी निम्म्यांना रोज ३ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पुढच्या तपासण्यांत कॅल्शियम घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना नवा ॲडिनोमा सापडला, न घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण बेताचा आहे. शंभर माणसांनी वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या तेव्हा सातांचा पॉलिप टळला. कॅन्सर नव्हे, पॉलिप.

नंतर २००६ साली अमेरिकेतल्याच ३६,२८२ बायकांच्या चाचणीचा निकाल आला. सगळ्यांची पाळी गेलेली. निम्म्या जणींना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, सरासरी सात वर्षं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या बायका गोळी घेणाऱ्या गटात १६८ आणि न घेणाऱ्या गटात १५४. म्हणजे उपयोग झाला असं म्हणता येत नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे: हा कॅन्सर वाढायला दहा-पंधरा वर्षं घेतो, सात वर्षांत काय कळणार? शिवाय त्यातल्या बऱ्याच बायका आधीपासूनच पुरेसं कॅल्शियम खात होत्या. आक्षेप मला पटतो, पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे.

पहिली चाचणी करणाऱ्या संशोधकांनी पुढे २,२५९ जणांवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची आणखी मोठी चाचणी केली. २०१५ साली निकाल आला. तीन ते पाच वर्षं गोळ्या घेऊनही नव्या पॉलिपांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कॅल्शियमनेही नाही आणि ड जीवनसत्त्वानेही नाही. त्याच लोकांचा पुढचा मागोवा २०१८ साली आला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोळी सुरू केल्यानंतर ६ ते १० वर्षांच्या काळात, कॅल्शियम घेतलेल्यांमध्ये एका वेगळ्या जातीचे चपटे, दातेरी पॉलिप जास्त सापडले. हेही कॅन्सरकडे जाऊ शकतात, आणि चपटे असल्यामुळे तपासणीत नजरेतून सुटतात. बायकांमध्ये आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा धोका जास्त दिसला. एका चाचणीवरून घाबरून जायचं कारण नाही. पण "घेतली तर बिघडतं काय, कॅल्शियमच तर आहे" हे वाक्य मी त्यानंतर काउंटरवर म्हणायचं सोडलं.

मग दूध आणि नाचणी खाऊन काही उपयोग आहे का?

इथे चित्र बरं आहे. २०२५ साली ब्रिटनमधल्या ५,४२,७७८ बायकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सुमारे सतरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. आहारातून रोज ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त मिळणाऱ्यांमध्ये, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध जास्त घेणाऱ्यांमध्ये, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी होतं. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, कुणाला दूध देऊन, कुणाला न देऊन केलेला नाही. दूध पिणारी माणसं इतरही बाबतींत वेगळी असू शकतात. पण असे निष्कर्ष अनेक देशांतून आले आहेत. जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्था दूधदुभतं आणि कॅल्शियमच्या गोळ्या, दोन्हींना "बहुधा धोका कमी करतात" या रांगेत बसवते. गोळ्यांच्या बाबतीत मी त्यांच्यापेक्षा जरा हात राखून बोलते, २०१८चा तो मागोवा वाचल्यापासून.

आपल्याकडे अडचण अशी की कोकणात दूध मुळात कमी. चहापुरतं. भात, आमटी, मासे आणि नारळ यांत दूध कुठेच बसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि आपलं जेवण बहुधा तिथवर पोचत नाही. जुन्या पिढीची नाचणी ही कसर काढायची. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्याही धान्यात एवढं नाही. तांदळाची भाकरी आली आणि वरकस जमिनीवरची नाचणी गेली. आता तीच नाचणी बिस्किटाच्या पुड्यातून परत येते, साखर घालून. नाचणीची आंबील किंवा मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घेतलंत तर जास्त बरं. मोड आले की किंवा आंबवलं की त्यातली कॅल्शियम अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात.

शेवग्याचा पाला, कुळीथ, तीळ, ताक हे सगळं जमेस धरा. कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी या जेवणाला गरिबीचं जेवण म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

मासे खाऊन कॅल्शियम मिळतं का?

काटा खाल्लात तर. सुरमईच्या तुकडीत कॅल्शियम फारसं नाही, कारण ते सगळं काट्यात असतं आणि काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. कुरकुरीत तळून काट्यासकट चावून खाल्लेली मांदेली, किंवा सुका जवळा, यातून मात्र चांगलं मिळतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात, पण त्या कालवणात उकळून काही विरघळत नाहीत.

सुक्या मासळीने आतड्याचा कॅन्सर होतो का, हेही याच्या जोडीने विचारतात. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत खारवलेला मासा आहे, पण तो चिनी पद्धतीचा आणि त्याचा संबंध नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी. मोठ्या आतड्याच्या बाबतीत त्या यादीत ठामपणे आहे ते सॉसेज, सलामी, बेकन असं प्रक्रिया केलेलं मांस, २०१५पासून. फार खारवलेलं रोज खाणं जठराला आणि रक्तदाबाला वाईटच. आठवड्यातून एकदा सुकटीची चटणी खाणाऱ्याने घाबरू नये. दारू रोजची असेल तर मात्र ती या कॅन्सरचा धोका नक्की वाढवते. मला सुकटीबद्दल विचारणारे दारूबद्दल कधी विचारत नाहीत.

पानाला चुना लावतो, त्यातूनच कॅल्शियम मिळतं ना?

हे आजोबा लोक विचारतात. चुना म्हणजे कॅल्शियमच, खरं आहे, आणि आपल्याकडे तो शिंपल्या भाजूनही करत आले. पण त्या पानात सुपारी असते आणि बहुधा तंबाखू. दोन्ही तोंडाच्या कॅन्सरची सिद्ध झालेली कारणं आहेत. कॅल्शियमसाठी पान खाऊ नका.

इसबगोल घेतलं तर?

बद्धकोष्ठासाठी घ्या, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर घ्या. पॉलिप टाळायला म्हणून घेऊ नका. युरोपात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका गटाला कॅल्शियम आणि दुसऱ्या गटाला रोज ३.५ ग्रॅम इसबगोल दिलं होतं. इसबगोलच्या गटात नवे पॉलिप उलट जास्त निघाले. भाजी, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य यातला चोथा मात्र उपयोगी ठरलेला आहे.

सेलेनियमच्या गोळ्या?

नकोत. पुरुषांवरची एक फार मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली, त्यात आतड्याच्या कॅन्सरवर काही परिणाम दिसला नाही.

हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी बंद करू का?

अजिबात नको, निदान स्वतःच्या मनाने नको. वर लिहिलेलं सगळं "कॅन्सर टाळायला गोळी घ्यावी का" या प्रश्नापुरतं आहे. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेली असतील, गरोदरपण असेल, तर गोळीचं कारण वेगळं आहे आणि ते कारण खरं आहे. आधी पॉलिप निघाले असतील तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पट्टीवर १२५० लिहिलंय, ते जास्त नाही का?

ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत हा दुसरा आकडा असतो, तोच धरायचा. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन फायदा नाही, शरीर तेवढं शोषून घेत नाही. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, अशा वेळी कॅल्शियम सायट्रेटची गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

मुतखडा झालेला आहे, चालेल का?

विचारल्याशिवाय नको. २००६च्या त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं होतं. जेवणातलं दूध-ताक मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडा घडवणाऱ्या ऑक्झॅलेटला आतड्यातच धरतं, त्यामुळे खड्याला उलट आळा बसतो.

दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालते का?

थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा. लोहाच्या गोळीपासून दोन तास. आणि आपल्या भागात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तापासाठी जी डॉक्सीची, म्हणजे डॉक्सिसायक्लिनची, गोळी देतात, ती आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. पोटात दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि डॉक्सी रक्तात कमी पोचते. मागे जुलैत एक बाई चिखलाच्या पायांनी आल्या. मूठ उघडली तर घामाने ओल्या झालेल्या दोन गोळ्या, एक डॉक्सी, एक कॅल्शियम. "एकदमच घेतंय, इसारता नाय मगे." मी त्यांना तिथेच डॉक्सी पाण्याबरोबर दिली आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं. दुधाबरोबरही डॉक्सी घेऊ नका.

घरात एकाला आतड्याचा कॅन्सर झालाय, केमो चालू आहे. ताकदीसाठी कॅल्शियम देऊ का?

केमो देणाऱ्या डॉक्टरांना पट्टी दाखवल्याशिवाय काहीही देऊ नका. कारण सांगते. बाजारातल्या बऱ्याच "कॅल्शियम"च्या गोळ्यांत नुसतं कॅल्शियम नसतं, फोलिक ॲसिड किंवा फोलेटही असतं. या कॅन्सरमध्ये कॅपेसिटाबिन नावाची गोळी नेहमी देतात. तिच्याबरोबर फोलिक ॲसिड गेलं तर औषधाचा त्रास वाढतो: जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलवटणं. ताकदीसाठी दिलेली गोळी अशी अंगावर येते.

ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने बोटांना मुंग्या येतात, थंड पाण्यात हात घालवत नाही. त्यावर उपाय म्हणून पूर्वी सलाइनमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम देत. २०१४ साली ३५३ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा उपयोग होत नाही हे दिसून आलं. झालेला कॅन्सर कॅल्शियमने बरा होत नाही.

शौचातून रक्त पडतं. मूळव्याधच असणार. काही गोळी आहे का?

माझे मोठे काका एकसष्ट वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. दीड वर्ष रक्त पडत होतं. मूळव्याध म्हणून झाडपाल्याचं औषध झालं, सुरण झाला, तिखट बंद केलं. कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्याच दुकानातून ते कॅल्शियमची पट्टी न्यायचे. स्टीलच्या गोल डब्यात पट्ट्या कापून ठेवलेल्या असायच्या, रोज जेवल्यावर एक गोळी तळहातावर काढायची. मला वाटायचं गुडघ्यांसाठी घेतात. मी विचारलं नाही. काकूने सांगितलं तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, आणि गाठ गुदाशयात हाताला लागण्याएवढी होती. बोट घालून तपासलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आली, केमो झाली. आज ते घरी आहेत, अंगणात नारळ सोलतात. पण ते दीड वर्ष माझ्या मनातून जात नाही, कारण त्या पट्ट्या मीच कापून दिल्या होत्या.

तेव्हापासून शौचातून रक्त म्हटलं की मी गोळी देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. मूळव्याध असू शकते, बहुतेकदा असतेही. पण रक्ताचा रंग बघून ते ओळखता येत नाही, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असंही नाही. तीन आठवड्यांच्या वर शौचाची सवय बदलली, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पोट साफ होत नाही असं वाटत राहिलं, वजन उतरलं, तर थांबू नका. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी आलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या खाऊन गप्प बसू नका. रक्त कुठून जातंय ते शोधायला लावा. वय कमी आहे म्हणूनही सोडून देऊ नका, आपल्याकडे चाळिशीच्या आतले रुग्णही सापडतात.

काही त्रास नसताना तपासणी करावी का?

आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे कुणी बोलावणार नाही, आपणच विचारावं लागेल. आईवडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर नक्की विचारा. त्यांना तो ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, किंवा चाळिशीला, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करतात. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी साधी तपासणीही असते. ती तालुक्याच्या लॅबमध्ये नमुना देऊन होऊ शकते का, आधी फोन करून विचारा.

कोलोनोस्कोपीला गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईला जायचंय. काय तयारी करू?

डॉक्टर कागद देतील, तो पाळा. त्या कागदात न सापडणाऱ्या आपल्याकडच्या गोष्टी मी सांगते. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण शौच काळं होऊन आत काही दिसत नाही. ती, कॅल्शियम आणि रक्त पातळ करणारी गोळी, तिन्हींबद्दल आठवणीने विचारा. दोन-तीन दिवस आधीपासून नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि बियांची फळं बंद. एरवी चांगलं असलेलं हे सगळं त्या दिवसांत आतड्याला चिकटून राहतं.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेयं चालतात. कोकम सरबत नको, सोलकढी तर नकोच. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. शहाळ्याचं पाणी गाळून चालतं, मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारून. पोट साफ करायचं औषध प्यायल्यावर तास-दोन तासांत सारखं जावं लागतं, तेव्हा ते पिऊन पहाटेच्या एसटीत बसू नका. आदल्या दिवशीच जाऊन हॉस्पिटलजवळ मुक्काम करा, आणि खोलीला लागून संडास आहे ना, ते आधी बघून घ्या. भूल देतात, म्हणून परतताना सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.